हाताने लहान लाकडी पेट्या करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एखाद्या कोपऱ्यात, बहुतेक काम हातहत्यारांनी करून लहान पेट्या बनवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. लहान म्हणजे दोन्ही तळहातांवर मावेल एवढी. लहान आहे म्हणजे सोपी असणार, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट आहे. कपाटाच्या कोपऱ्यातली अर्ध्या मिलिमीटरची फट वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. पेटी मात्र माणूस हातात घेतो, फिरवतो, डोळ्यांजवळ नेतो, आणि त्याला पहिली दिसते ती फटच.

पहिली पेटी केवढी करावी?

बाहेरून साधारण २०० मिमी लांब, १२० मिमी रुंद आणि ८० मिमी उंच. याहून लहान केली तर तुकडे हातात धरणं, रंध्याखाली पकडणं अवघड जातं. याहून मोठी केली तर फळीचा वाक आणि पीळ त्रास द्यायला लागतात.

तरी खरं माप आत काय ठेवणार यावर ठरतं. चष्मा, शिक्के, पेनं, सुयादोरे, जे काही असेल ते टेबलावर मांडा, भोवती कागदाची पट्टी उभी करून बघा आणि बोटं आत घालून वस्तू उचलता येते का ते पाहा. ही बोटांची जागा सगळे विसरतात. मीही विसरले होते. माझ्या पहिल्या पेटीत पेनं अगदी मापात बसली, आणि बाहेर काढायची तर पेटी उलटी करावी लागायची.

कमीत कमी कोणती हत्यारं लागतात?

बारीक दातांची, पाठीला पट्टी असलेली करवत (इंचाला १४-१६ दात असले तर उत्तम), एका हातात मावणारा छोटा रंधा, ६ आणि १२ मिमीच्या दोन पटाश्या (सुताराच्या छिन्न्या), गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), आखणीसाठी टोकदार सुरी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार), धारेचा दगड आणि तीन-चार क्लॅम्प. पटाशीवर मारायला लाकडी मोगरी.

यात काटछाट करायचीच तर क्लॅम्पमध्ये करा. त्यांचं काम चिकटपट्टी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवरही भागतं. गुण्यात मात्र काटकसर नको, आणि नवा गुण्या तपासल्याशिवाय वापरू नका. सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या, तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

आखणी पेन्सिलीने करू नका, सुरीने करा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. ‘रेघेवर’ कापायचं म्हणजे नेमकं कुठे, हा वाद तिथून सुरू होतो. सुरी तंतू कापते आणि एक बारीक खाच ठेवते. पटाशी त्या खाचेत आपोआप बसते. करवतीसाठी खाचेच्या टाकाऊ बाजूने एक छोटा उतार तासून घेतला की पातंही तिथेच उतरतं.

यंत्रं नसतील तर चालेल का?

चालेल. यंत्रं असतील तरी एक सावधगिरी बाळगा. लहान तुकडे यंत्राच्या करवतीवर आणि प्लॅनरवर (यंत्राच्या रंध्यावर) धोकादायक असतात. बहुतेक प्लॅनर ३०० मिमीपेक्षा आखूड तुकडा नीट धरून ठेवत नाहीत. जाडी काढायची ती अख्ख्या लांब फळीची काढा, तुकडे त्यानंतर पाडा.

सुताराचा बाक नाही. जेवणाच्या टेबलावर करू?

टेबल डगमगत नसेल तर करा. वर बेंच हूक ठेवा. त्यासाठी ३०० × २०० मिमीचा प्लायचा तुकडा घ्या आणि एका टोकाला वरून, दुसऱ्या टोकाला खालून अशा दोन पट्ट्या मारा. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला काम टेकतं. करवत चालवताना तुमचाच जोर तुकडा घट्ट धरून ठेवतो. हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि पेटी करण्याआधी करायचं आहे.

लाकूड कोणतं घ्यावं?

सरळ रेषांचं (रेषा म्हणजे लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात ती दिशा), गाठी नसलेलं आणि फार कठीण नसलेलं. सागवान चांगलं, कारण ते इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी आकसतं. त्याच्या दोन खोडी आहेत. त्यात वाळूसारखे सूक्ष्म सिलिकाचे कण असतात, त्यामुळे धार लवकर जाते. शिवाय ते तेलकट असल्याने जुन्या, उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याच्या दिवशीच त्यावरून रंधा फिरवून ताजा पृष्ठभाग काढा. शिसवीलाही हेच लागू.

पाइन स्वस्त आणि मऊ. नवशिक्यांना तेच घ्या म्हणतात, माझं मत थोडं वेगळं आहे. पाइनमध्ये एक पट्टा मऊ आणि शेजारचा कडक असतो. पटाशी बोथट असेल तर मऊ पट्टा कापला न जाता चेपतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच वाईट. मध्यम कठीण, एकसारख्या पोताचं लाकूड नवशिक्याला जास्त सांभाळून घेतं. जुन्या फर्निचरची फळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, फक्त आधी खिळे शोधून काढा.

फळी किती जाड?

या मापाच्या पेटीला ७ ते ९ मिमी. १२ मिमी घेतली की पेटी बोजड दिसते आणि आतली जागा जाते. पेटी ‘घरगुती’ दिसते याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते सांधे नसून हा जाडेपणा आहे.

लाकूड पुरतं वाळलं आहे हे कसं ओळखू?

तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला, वजन तुकड्यावरच लिहा आणि दर चार-पाच दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की ते लाकूड तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं. फळ्या एकमेकींवर चिकटून रचू नका. मध्ये पट्ट्या ठेवून सगळ्या बाजूंनी हवा खेळू द्या. जाड फळीतून पातळ तुकडे चिरले असतील तर तेही आठवडाभर असेच ठेवा, कारण आतला ओलावा वेगळा असतो आणि चिरल्यावर तुकडा वाकतो. वाकायचं ते रंधा मारण्याआधी वाकू द्यावं.

लाकूड ‘हलतं’ म्हणतात ते खरं आहे का? एवढ्याशा पेटीत काय फरक पडणार?

खरं आहे, आणि एवढ्याशा पेटीतच तो दिसतो.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. ओलावा वाढला की लाकूड फुगतं, पण सगळीकडे सारखं फुगत नाही. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रेषांना आडवं, म्हणजे फळीच्या रुंदीत, ते हलतं. त्यातही वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने जेवढं हलतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने हलतं.

आकड्यांत बघू. झाकणासाठी सागवानाची १५० मिमी रुंद साधी फळी घेतली. ओलाव्यातल्या दर १ टक्का बदलाला ती रुंदीत सुमारे ०.१९ टक्के बदलते. कोरड्या दिवसांपासून दमट दिवसांपर्यंत लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला तर १५० मिमीचे १५१.१ होतात. हा १.१ मिलिमीटर कपाटाच्या दाराला किरकोळ वाटेल. जे झाकण आपण कागदाएवढ्या मोकळीकीने बसवतो त्याला तो पुष्कळ झाला.

म्हणून बाजूंच्या चारही फळ्यांत रेषा आडव्या, पेटीभोवती फिरणाऱ्या ठेवा. मग चारही बाजू उंचीत एकत्र वाढतात, एकत्र घटतात आणि सांध्यावर ताण येत नाही. आणि अखंड लाकडाचा तळ किंवा झाकणाचा पत्रा (मधली पातळ फळी) चौकटीला चारही कडांनी कधीच चिकटवू नका. तो खोबणीत मोकळा बसवा. चिकटवलात तर कोरड्या दिवसांत पत्रा मधोमध तडकेल, नाहीतर दमट दिवसांत कोपरे उघडेल.

मापं नीट घेतली तरी चौकट गुण्यात येत नाही. काय चुकतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं, की तुम्ही मोजता. मोजणं कमी करा आणि जुळवा.

समोरासमोरच्या दोन बाजू १९२ मिमी आहेत की १९१.६, याने पेटीला काही फरक पडत नाही. त्या दोन्ही एकमेकींएवढ्या आहेत का, याने मात्र सगळं ठरतं. पट्टीने दोनदा मोजलं की दोन वेगळ्या चुका होतात. त्याऐवजी एक फळी कापा, टोक रंध्याने साफ करा, ती दुसरीवर ठेवा आणि सुरीने खूण करा. दोन्ही कापून झाल्या की टेबलावर शेजारी शेजारी उभ्या करा आणि वरच्या टोकांवरून नख फिरवा. अर्ध्या कागदाचा फरकही नखाला जाणवतो. डोळ्याला तो दिसत नाही.

टोक साफ करायला शूटिंग बोर्ड करून घ्या. एक सपाट फळी, तिच्यावर मागे सरकवून बसवलेली दुसरी फळी, आणि तिच्यावर अगदी काटकोनात एक पट्टी. रंधा आडवा टाकून खालच्या फळीवरून सरकवायचा, तुकडा पट्टीला टेकवायचा. प्रत्येक फेरीला टोकावरून केसासारखा छिलका निघतो. माझ्याकडे असलेल्या सगळ्या हत्यारांत घरी केलेला हा फळकुटांचा जुगाड मी सर्वांत जास्त वापरते.

गोंद लावल्यावर गुण्या आत घालून बघत बसू नका. दोन्ही कर्ण मोजा, इथे मोजणं योग्य आहे. कर्ण सारखे असले की चौकट काटकोनात. एक लांब असेल तर त्याच्या दोन टोकांना हलकेच दाबा. पण हे समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तरच खरं. नाहीतर कर्ण जुळूनही चौकट तिरपी राहू शकते.

धार किती हवी?

लाकडाच्या टोकावरचे उभे तंतू पटाशीने कापून बघा. कापलेला भाग गुळगुळीत आणि किंचित चकचकीत आला तर धार आहे. पांढुरका, चुरा झाल्यासारखा आला तर नाही. पात्याचा उतार २५ अंशांचा आणि अगदी टोकाला ३० अंशांचा बारीक उतार, एवढं पुरतं. १००० नंबरच्या दगडावर घासत राहा. पात्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की सगळ्या रुंदीभर बारीक खरखर लागली पाहिजे. ती लागली की ४००० किंवा त्यापुढच्या दगडावर दोन्ही बाजू आळीपाळीने घासून खरखर काढून टाका. पात्याची सपाट पाठ आरशासारखी हवी, निदान टोकाजवळची एक बोटभर.

आणि दुसरा हात कायम पटाशीच्या धारेमागे ठेवा. हात जास्त कापते ती बोथट पटाशीच. जोर जास्त लावावा लागतो, ती एकदम सुटते आणि पुढे जे असेल त्यात शिरते. माझ्या डाव्या तर्जनीवर याची खूण आहे.

सांधा कोणता करावा?

पहिल्या पेटीला खाचेचा. दोन बाजूंच्या टोकांना अर्ध्या-पाऊण जाडीची पायरी काढायची आणि दुसऱ्या दोन बाजू त्या पायरीत बसवायच्या. चिकटवण्याची जागा वाढते, तुकडे जागेवर आपोआप बसतात. वाळल्यावर बाहेरून २-३ मिमी जाडीच्या लाकडी मेखा ठोकल्या की पक्कं काम.

मायटर, म्हणजे ४५ अंशांत कापून जोडलेला कोपरा, दिसायला सर्वांत स्वच्छ आणि करायला सर्वांत खट्याळ. तो नुसता गोंदावर सोडू नये. लाकडाची टोकं गोंद पिऊन टाकतात. आधी पातळ हात देऊन दोन-तीन मिनिटं जिरू द्या, मग दुसरा हात द्या. पेटी वाळल्यावर बाहेरून कोपऱ्यावर करवतीने दोन-तीन आडव्या चिरा पाडा आणि त्यांत पातळ लाकडी चिपा गोंद लावून सरकवा. गडद रंगाच्या चिपा घातल्या तर तीच शोभा.

डव्हटेल हा पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचा सांधा. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कामातही तो आढळतो, म्हणजे विजेची यंत्रं लागत नाहीत हे सिद्ध आहे. गोंद नसतानाही तो एका दिशेने सुटत नाही. पण पहिल्याच पेटीत करू नका. आधी टाकाऊ तुकड्यांवर पाच सांधे करा, पाचवा पहिल्यापेक्षा किती बरा आला ते बघा, मग ठरवा.

मायटरचे तीन कोपरे छान बसतात, चौथाच का उघडा राहतो?

कारण चूक तीन कोपऱ्यांत लपते आणि चौथ्यात एकदम बाहेर येते. पेटीला आठ तिरके छेद असतात. प्रत्येक छेद अर्ध्या अंशाने चुकला तर एकूण ४ अंश. तीन कोपरे तुम्ही दाबून बंद केलेत की सगळे ४ अंश चौथ्यात. ८ मिमी जाडीच्या फळीत ही फट जवळजवळ ०.८ मिमी होते, नजरेत भरेल एवढी.

उपाय शूटिंग बोर्डच, फक्त त्यावर ४५ अंशांचा ठोकळा लावायचा. आणि लांबी पुन्हा जुळवायची, कारण कोन बिनचूक असूनही समोरची बाजू जरा लांब असेल तर फट येतेच.

डव्हटेलचा उतार किती ठेवू?

मऊ लाकडाला १:६, कठीण लाकडाला १:८. कागदावर ६० मिमीची रेघ काढून टोकाला १० मिमी बाजूला गेलात की १:६ झाला. ८० मिमी उंचीला तीन शेपट्या पुरतात. आधी शेपट्या कापा आणि त्याच दुसऱ्या फळीच्या टोकावर ठेवून सुरीने त्यांचा आकार उतरवून घ्या. शेपट्या थोड्या वाकड्या असल्या तरी बिघडत नाही, कारण समोरचे खाचे त्यांनाच बघून कापायचे आहेत. कापताना सुरीची खूण शाबूत राहिली पाहिजे, करवत टाकाऊ बाजूला.

लाकडाच्या रेषा कोपरे ओलांडून सलग फिरतात ते कसं करतात?

चारही बाजू एकाच फळीतून, एकापाठोपाठ कापायच्या, लांब-आखूड-लांब-आखूड, आणि त्याच क्रमाने जोडायच्या. कापण्याआधी फळीवर खडूने एक लांब त्रिकोण काढून ठेवा, तुकड्यांचा क्रम चुकत नाही. असे तीन कोपरे जुळतात, चौथा नाही, कारण तिथे फळीची सुरुवात आणि शेवट भेटतात. तो मागच्या डाव्या कोपऱ्यात लपवा. चारही जुळवायचे तर दुप्पट जाड फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडावी लागते.

तळ कसा बसवायचा?

पहिल्यांदा करताय तर ३-४ मिमीचा प्लाय. प्लाय जवळजवळ हलत नाही, म्हणून तो चारही कडांनी खुशाल चिकटवता येतो आणि पेटीला उलट मजबुती येते. बाजूंच्या आतून तळापासून ४-५ मिमी वर, ३ मिमी खोल खोबणी काढा. खोबणीचा रंधा नसेल तर सुरीने दोन समांतर रेघा खोल मारून मधलं लाकूड बारीक पटाशीने काढा. कंटाळवाणं आहे, पण होतं.

एक फसवी जागा आहे. खोबणी फळीच्या टोकापर्यंत नेली तर खाचेच्या किंवा डव्हटेलच्या पेटीत ती बाहेरून चौकोनी भोक होऊन दिसते. मायटरमध्ये दिसत नाही. डव्हटेलमध्ये शेपट्या असलेल्या फळीवर खोबणी टोकाच्या आधी थांबवा. विसरलात तर त्याच लाकडाचा छोटा तुकडा भोकात चिकटवून तासून टाका. मी जितक्यांदा आठवणीने थांबवली असेन, त्याहून जास्त वेळा तुकडा चिकटवला आहे.

गोंद कोणता, आणि किती वेळ दाबून ठेवायचा?

सुतारकामाचा साधा पांढरा गोंद. लावल्यापासून तुमच्या हातात पाच ते दहा मिनिटं असतात, गरम हवेत त्याहून कमी. म्हणून गोंदाशिवाय एकदा सगळी पेटी बांधून बघा, क्लॅम्प लावून बघा, मग सोडा आणि गोंद उघडा. तासाभराने क्लॅम्प काढता येतात, पण पुढचं काम दुसऱ्या दिवशी करा.

मायटरची पेटी चिकटपट्टीने अशी गुंडाळतात. टेबलाच्या कडेला सरळ पट्टी टेकवा. चारही बाजू बाहेरचा भाग वर करून, टोकाला टोक लावून एका ओळीत ठेवा. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी ताणून लावा, शेवटच्या टोकाला पट्टी थोडी लोंबती सोडा. आता सगळी ओळ उलटी करा. समोर तीन इंग्रजी व्हीच्या आकाराच्या दऱ्या दिसतील. दऱ्यांत आणि दोन्ही टोकांना गोंद लावा, तळ खोबणीत ठेवा आणि ओळ दुमडत न्या. चौथा कोपरा मिटला की लोंबती पट्टी ताणून लावा. कर्ण तपासा. बाहेरची पट्टी ताणली जाते आणि कोपरे आत खेचले जातात. इतक्या पातळ पेटीला क्लॅम्पपेक्षा हीच पद्धत मला सरस वाटते.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू का?

नको. पाण्याने पातळ होऊन तो छिद्रांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर फिकट डाग होऊन वर येतो. वीस-तीस मिनिटांनी तो रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. आतल्या कोपऱ्यांत हात पोचत नाही, म्हणून आतल्या बाजूंना जोडण्याआधीच पॉलिश करून ठेवा. चिकटायच्या जागा तेवढ्या चिकटपट्टीने झाका.

झाकण पेटीशी हुबेहूब जुळायला हवं. वेगळं करून बसवू?

वेगळं करूच नका. सहाही बाजूंनी बंद पेटी बनवा आणि मग ती कापून झाकण सुटं करा. रेषा, माप, कोपरे सगळं जुळलेलंच असतं.

मार्किंग गेजने चारही बाजूंना रेघ मारा. करवत एकाच बाजूने आरपार नेऊ नका. प्रत्येक बाजूला थोडं थोडं कापत पेटी फिरवत राहा. दोन लांब बाजू सुटल्या की त्या चिरेत करवतीच्या जाडीएवढ्या पुठ्ठ्याच्या चिपा घालून वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर शेवटच्या बाजूला झाकण मिटतं आणि करवत अडकते. करवतीला आणि नंतरच्या साफसफाईला मिळून २ मिमी उंची आधीच जास्त ठेवा. कापलेल्या कडा सपाट करायला काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि पेटी त्यावर गोल गोल घासा.

डव्हटेल असेल तर कापायची रेघ शेपटीच्या मधून जाणार नाही अशी आखणी आधीच करा. आधीच.

बिजागऱ्या बसवताना पितळी स्क्रू तुटतात. का?

पितळ मऊ असतं म्हणून. आधी बारीक भोक पाडा. मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या आणि काढा. शेवटी पितळी स्क्रूला मेण लावून तो हळूच फिरवा. बिजागरीच्या पानासाठी खाच करताना खोली पानाच्या जाडीवरून नाही, मिटलेल्या बिजागरीवरून ठरवा. फार खोल गेली तर झाकण मागून अडतं आणि पुढून उघडं राहतं. तेव्हा बिजागरीखाली पुठ्ठ्याची चकती घातली की काम भागतं.

बिजागरीशिवाय झाकण?

मला तेच जास्त आवडतं. पेटीच्या आतून ३ मिमी जाडीची पट्टी चारही बाजूंना लावा, कापलेल्या कडेच्या ६-७ मिमी वर येईल अशी. झाकण तिच्यावर बसतं. पट्टीची वरची धार किंचित गोल करा. सरकतं झाकण हा दुसरा पर्याय, आत मागे-पुढे जाणारी फळी. तिच्या रेषा सरकण्याच्या दिशेला समांतर ठेवल्या तर रुंदीला मोकळीक सोडावी लागते. आडव्या ठेवल्या तर रुंदी हलत नाही, पण पातळ फळी उघडताना रेषेवर मोडू शकते. मी समांतर ठेवते आणि मोकळीक सोडते.

पॉलिश कोणतं? तेल लावू का?

बाहेरून काहीही. आतून तेल लावू नका. बंद पेटीत हवा खेळत नाही, तेल महिनोन् महिने नीट सुकत नाही आणि उघडली की दर वेळी तोच वास येतो. आतून लाखेचं पॉलिश किंवा नुसतं मेण.

लाखेचं पॉलिश लहान पेटीला शोभतंच. एक लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजू द्या आणि गाळून घ्या. मऊ सुती फडक्याची घडी करून पातळ हात द्या. तासाभराने दुसरा. तीन-चार हातांनंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद घासा आणि शेवटचा हात द्या. ओल्या जागी परत परत फडकं फिरवलं तर खालचा थर विरघळून ओढला जातो. काही राहिलं असेल तर राहू द्या, पुढच्या हातात भरेल. विरघळवलेली लाख फार काळ टिकत नाही. जुनी असेल तर काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर ती टाकून द्या. गरम कप आणि दारू या दोन गोष्टी या पॉलिशला चालत नाहीत.

तेलाची फडकी खरंच पेट घेतात?

हो, काडी न लावता. जवसाचं तेल सुकतं म्हणजे ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळा करून टाकलेल्या फडक्यात साठत जाते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली. तीन अग्निशामक जवान तीत दगावले. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. रात्री झोपताना बोळा कोपऱ्यात राहता कामा नये.

मास्क लागतो का? मी तर हातानेच घासते.

हाताने घासण्यातही लागतो. रंध्याचे छिलके खाली पडतात, पॉलिश पेपरची पूड हवेत तरंगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केली आहे. शिसवीसारख्या लाकडांच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते. रंधा जितका नीट चालेल तितकं घासणं कमी, हाही एक फायदा.

आत मखमल किंवा फेल्ट कसं लावू?

थेट लाकडाला चिकटवू नका, गोंद वर झिरपतो. पुठ्ठा तळापेक्षा सगळीकडून १ मिमी लहान कापा, कापड त्यावर ताणून मागे दुमडून चिकटवा आणि पुठ्ठा आत दाबून बसवा.

एका पेटीला किती वेळ लागतो?

पहिलीला तीन-चार सुट्ट्या. त्यातला निम्मा वेळ धार लावण्यात आणि हरवलेली पेन्सिल शोधण्यात जातो.

कोपऱ्यात फट राहिलीच, तर भुसा आणि गोंद भरू?

अगदी केसाएवढी असेल तर चालेल. त्याहून मोठी असेल तर भुशाचं ते मिश्रण पॉलिशनंतर गडद दिसतं आणि फट जास्तच उठून येते. त्याच लाकडाची रंध्याने एक लांब चीप काढा, तिला पाचरेसारखी निमुळती करा, गोंद लावून रेषांच्या दिशेने फटीत सरकवा आणि वाळल्यावर तासा.

झाकण महिनाभर छान बसत होतं, आता अडकतं. रंधा मारू?

लगेच नको. माझी एक पेटी दमट दिवसांत अशीच अडकली होती. मी उत्साहाने झाकणाच्या कडेवरून चांगले चार छिलके काढले. हवा कोरडी झाली आणि ते झाकण पेटीवर टोपीसारखं डुलायला लागलं. आधी बघा कुठे अडतं ते. आतल्या पट्टीवर पेन्सिलीचा शिसा घासा, झाकण एकदा बसवून काढा. जिथे अडतं तिथे झाकणाच्या आत काळा डाग उमटतो. तिथे मेण घासा. मेणाने भागलं नाही तर पेटी आठवडाभर कोरड्या खोलीत उघडी ठेवा आणि परत बघा. तरीही अडलं, तर फक्त त्या काळ्या डागावरून एक छिलका काढा, झाकण बसवा, आणि लागलाच तर दुसरा.